सरांच्या फोटोभोवतीची चौकट

मे-जून आला की मला फोन येऊ लागतात. कुणी मालेगावकडचा असतो, कुणी मंगरूळपीरची, कुणी थेट आमच्या रिठदचा. कुणीतरी माझा नंबर दिलेला असतो आणि 'ताई, मासिकाच्या डिझाइनमध्ये स्कोप काय आहे?' हा प्रश्न नमस्काराच्याही आधी येतो. या 'स्कोप' शब्दाचा मला मनस्वी राग आहे. मुलगी द्यायच्या आधी मुलाचा पगार विचारावा तशा सुरात तो विचारला जातो. पण मी फोन ठेवत नाही. एकेकाळी मलाही हेच कुणाला तरी विचारायचं होतं आणि अख्ख्या वाशीम जिल्ह्यात विचारावं असं माणूस सापडत नव्हतं.

मग मी सांगते, आणि खोटं सांगत नाही. छापील मासिकं कमी झाली आहेत. ज्या मासिकात मी पहिल्यांदा नोकरीला लागले ते कधीच बंद पडलं. पण पान मेलेलं नाही. दिवाळी अंक निघतात, समाजांची मासिकं निघतात, कंपन्या आपापले अंक काढतात, शाळेच्या पुस्तकांना आणि संस्थांच्या अहवालांना पानं लागतात, आणि मोबाइलवर जे वाचलं जातं त्यालाही कुणीतरी आकार दिलेलाच असतो. देवनागरी अक्षर नीट बसवणारी माणसं या धंद्यात अजून शोधावी लागतात. इंग्रजी अक्षरांवर हात बसलेली पोरं आपल्या वेलांट्या वरच्या ओळीत घुसू देतात आणि त्यांना ते दिसतही नाही. तेव्हा आपलं अक्षर शिका, उपाशी राहणार नाही. सॉफ्टवेअर काय, कुणालाही येतं. मजकूर वाचल्याशिवाय पानाला हात लावू नका. आणि केलेलं काम जपून ठेवा, मग ती मावशीच्या पोरीची लग्नपत्रिका का असेना. मुलाखतीला तेच दाखवावं लागतं.

समोरचा 'ओके ताई' म्हणतो आणि फोन ठेवतो. जे खरं सांगायला हवं ते राहून जातं, कारण ते फोनवर मावत नाही.

आमचा रिठदला मळा होता, अजून आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात पहिल्या वर्षी भाजीवाल्याकडे सांबार मागितला तेव्हा त्यानं मला समोरच्या इडलीच्या हॉटेलात पाठवलं होतं. बाबा रोज उजाडता उजाडता माल घेऊन वाशीमच्या मंडीत जात. मी तिथल्या कॉलेजात बी.ए.ला होते, त्यामुळे पुष्कळदा मालाच्या गाडीतच, मेथीच्या ओल्या जुड्यांना टेकून जायची. कॉलेज भरायला वेळ असायचा. मंडीच्या मागे एक रद्दीचं दुकान होतं, तिथे मी पोत्यावर बसून जुनी मासिकं चाळायची. वाचायची नाही, चाळायची. कुठे मथळा किती मोठा आहे, फोटोभोवती किती जागा सोडलीय, एखाद्या पानावर थांबावंसं का वाटतं आणि दुसऱ्यावर का नाही, हे बघत बसायची. असं बघण्याचं कुणाला काम म्हणून पैसे मिळतात हे मला माहीतच नव्हतं. दुकानदार म्हणायचा, "घेत नाई, वाचत नाई, मंग येतं कायले वो बाई?" पण उठ म्हणाला नाही कधी.

हे काम असतं, हे मला आमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं. सर शिरपूरचे. भाऊ सगळे कापडाच्या दुकानात, हे एकटेच मास्तरकीत. रोज एसटीनं यायचे, आणि कॉलेजचा वार्षिक अंक वर्षानुवर्षं तेच काढायचे. माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी मला मुखपृष्ठावर बोटं फिरवत बसलेलं पाहिलं आणि अंकाच्या कामाला ओढलं. दुसऱ्या वर्षी पानं माझ्या ताब्यात दिली. बसस्टँडजवळच्या गल्लीत एक डीटीपीचं दुकान होतं. मी तिथल्या ऑपरेटरच्या मागे उभी राहून 'हे इकडे, ते तिकडे' करायची. तो बिचारा सरांच्या भिडेखातर माझं ऐकायचा. छपाई अकोल्याला व्हायची.

शेवटच्या वर्षी सरांनीच पेपरातली एक जाहिरात आणून दिली. पुण्यात डिझाइनचा कोर्स होता, त्यात मासिकांचं काम शिकवत होते. मी परीक्षा दिली, आमच्या अंकांची पानं नमुना म्हणून पाठवली आणि चक्क निवडली गेले. तो कागद हातात आला त्या दिवशी मी रिठदच्या स्टँडवरून घरापर्यंत पळत आले होते.

बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "कायचं शिकतात तिथं?"

मी सांगितलं. मासिकाची पानं, अक्षरं, फोटो, मांडणी.

"मंग परीक्षा पास झाल्यावर माणूस काय होते?"

"डिझायनर."

"कपड्यायचा?"

"नाही हो बाबा. पानांचा."

बाबांनी कागदाची घडी घातली. ते हट्टी नव्हते, पोरींना शिकवू नये असल्या मताचेही नव्हते. पैशाची सोयही त्यांनी कशी तरी केली असती. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "डॉक्टर म्हन, नर्स म्हन, मास्तरीन म्हन, पोलीस भरतीत जातो म्हन. समजते लोकायले. हे काय आहे? मंडीत कोनी इचारलं, पोरगी पुन्याले काय करून राह्यली, तर मी सांगू काय?" आणि खरंच, मला तरी कुठे सांगता येत होतं? ज्या कामाला नाव नाही त्यासाठी तरुण पोरगी एवढ्या लांब पाठवणं त्यांना भरल्या गाडीच्या बैलांचा कासरा सोडून देण्यासारखं वाटत होतं. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही. 'पाहू' म्हटलं. आमच्या घरात 'पाहू' म्हणजे 'नाही'च.

मी सरांकडे जाऊन रडले. सर म्हणाले, "मी येतो रिठदला. या वर्षी रिटायर होऊन राह्यलो, निरोप समारंभ एकदा होऊ दे, मग निवांत बसून तुझ्या बाबांशी बोलतो." आमच्या भागात सरांचा शब्द मोठा होता. बाबांच्या चुलतभावालाही त्यांनीच शिकवलेलं. सर आले की काम झालंच, असं मी धरून चालले. कोर्सला हजर व्हायची तारीख जवळ येत होती.

आणि इथे माझी अक्कल पाजळली.

त्या वर्षीच्या अंकात सरांच्या निवृत्तीवर एक पान करायचं मी मनाशी ठरवलं. बाकी सगळी पानं सरांनी स्वतः तपासली, पण हे एक त्यांच्यापासून लपवलं. त्यांना अचानक दाखवायचं होतं. फोटो सुरेख होता, सर पुस्तकातून मान वर करून हसताहेत. खाली मी मन लावून लेख लिहिला होता. रद्दीच्या दुकानात मी एक परदेशी मासिक पाहिलं होतं, त्यात एका म्हाताऱ्या वादकाच्या फोटोला चारी बाजूंनी जाड, काळीकुळकुळीत चौकट होती. ते पान मी कित्येक दिवस मनात घोळवत होते. तशीच चौकट मी सरांच्या फोटोला दिली. चांगली बोटभर जाड.

आता तुम्ही विचाराल, बाई, तुला माहीत नव्हतं? होतं ना. तशा चौकटीतली माणसं मी रोज पेपरात बघत होते. पण ते फोटो टपाल तिकिटाएवढे, भुरकट, आणि माझं पान केवढं मोठं, गुळगुळीत कागदावरचं! माझ्या डोक्यात त्या दोन चौकटी एकमेकींच्या नात्यातल्या नव्हत्याच. ऑपरेटरनं पान पाहून फक्त च्च केलं आणि म्हणाला, "लय चांगला माणूस." मी म्हटलं, "हो ना, आता असे सर पुन्हा व्हायचे नाहीत." त्यानं मान हलवली आणि पान अकोल्याला पाठवून दिलं.

अंक आला तो शनिवारी. समारंभ सोमवारी होता. पोरापोरींनी आपापले अंक घेतले आणि संध्याकाळच्या गाड्यांनी ते गावोगावी गेले. किन्हीराजाला गेले, रिसोडला गेले, शिरपूरलाही गेले. सर त्या दिवशी कॉलेजला आले नव्हते. पेन्शनच्या कामाला अकोल्याला गेले होते आणि त्यांना परतायला उशीर होत होता. तेवढ्यात शेजारच्या घरात अंक आला, आणि शेजारीण तो घेऊन धावत काकूंकडे, म्हणजे सरांच्या बायकोकडे आली. नवरा सकाळपासून बाहेर, अजून परत नाही, आणि हातात त्याचा काळ्या चौकटीतला फोटो. अंक छापायला किती दिवस लागतात याचा हिशेब अशा वेळी कोण करतं? काकू ओसरीतच खाली बसल्या. गल्ली गोळा झाली. सर पिशवी हलवत गल्लीत शिरले तेव्हा त्यांच्याच दारात रडारड चालली होती.

रविवारी तर कहर झाला. सकाळपासून माणसं येऊ लागली. एक जुना विद्यार्थी हार घेऊन आला होता, दार सरांनीच उघडलं. हार गळ्यात घालावा की लपवावा हे न कळून त्यानं तो खुंटीला अडकवला आणि चहा पिऊन गेला. घरातला फोन वाजायचा, सर 'हॅलो' म्हणायचे आणि पलीकडचा घाबरून फोन आपटायचा. यातलं बरंचसं मला नंतर कळलं आणि आज मी ते हसत सांगते. त्या दिवशी मला पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

बाबांना मंडीतच कळलं. कुणीतरी म्हणालं, "काय पाटील, तुमच्या पोरीनं जित्या मानसाले मारलं म्हनते." बाबा माल तसाच टाकून घरी आले. तिथेच मिळालेला अंक बाजेवर ठेवला, पान उघडलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हेच शिकाले जाची का पुन्याले?" एवढंच म्हणाले.

बाबांकडे शब्द टाकणारा माणूस एकच होता आणि त्यालाच मी चौकटीत बसवलं होतं. सोमवारचा समारंभ झाला, मी गेले नाही. पुण्याचा तो कागद मी गादीखाली सरकवून दिला. आईनं भाकरी पुढ्यात ठेवली की रडू यायचं, आणि आई म्हणायची, "आता मेलं कोनीच नाई तं रडून कायले राह्यली?"

मंगळवारी दुपारी मी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होते. वर पाहिलं तर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन माणसं येताना दिसली. पुढे सर, छत्री घेऊन, आणि मागे काकू, पदर सावरत. माझ्या हातातली जुडी सुटली. बाबा विहिरीवरच्या मोटारीजवळ होते, ते धावतच गेले आणि वाकून त्यांनी सरांचे पाय धरले. "सर, पोरीनं लय वाईट केलं. आमी येनारच होतो शिरपूरले."

सर म्हणाले, "अहो, उठा. मेलेल्या माणसाच्या पाया पडतात, ते वेगळं. मी चालत आलोय." आणि स्वतःच हसले. बाबा हसले नाहीत.

काकूंकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. त्याच म्हणाल्या, "इकडे ये वो." मी गेले. त्यांनी माझा हात धरून मला आपल्याजवळ बाजेवर बसवलं. "आमच्या शेजारची बुढी म्हनते, मरनाची खोटी बातमी उठली का मानसाचं आयुष्य वाढते. मानसाच्या डोक्याले कावळा शिवला, अपशकून झाला, तं लोक मुद्दाम खोटी बातमी धाडत होते पह्यले. आमची तं फुकटात गेली, गावोगाव. आता हे शंभर वर्स जगते अन् मलेच तरास देते." मग मात्र मी रडले. मोकळी होऊन रडले, हमसून हमसून.

चहा झाला. सरांनी विषय काढला. म्हणाले, "पोरीला पाठवा. ती एवढी चुकली याचं कारण तिला कुणी शिकवलेलं नाही. मला जे येत होतं ते मी दिलं, पण हे मला येत नाही."

बाबांनी ऐकून घेतलं. मग त्यांचा तोच प्रश्न. "सर, तुमचा शब्द खाली पडू देत नाई. पन मले एक सांगा. लोकायले मी काय सांगू? हे काम हाय काय नेमकं?"

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मभर वर्गात बोललेला माणूस, पण दोन वाक्यांत सांगता येईना. मांडणी म्हणाले, सौंदर्यदृष्टी म्हणाले, आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. मला वाटलं, संपलं. आता 'पाहू' येणार.

तेव्हा काकू बोलल्या. "भाऊ, मी सांगू? या पोरीनं त्या पानावर याह्यचं एवढं चांगलं लिवलं होतं, एवढं कौतुक. मी ते काल वाचलं. शनिवारी कोनीच नाई वाचलं. मी नाई वाचलं, शेजारनीनं नाई वाचलं, हार आननाऱ्यानंबी नाई वाचलं. चार काळ्या पट्ट्या पाह्यल्या अन् मी खाली बसली. माह्या हातापायातला जीव गेला, भाऊ. अक्षर नाई, काई नाई, नुसत्या पट्ट्या. अन् त्या पट्ट्या हिच्या हातात हायत." थोडं थांबून म्हणाल्या, "मले वाटते, ज्याच्या हातात असं काई हाय, त्याले ते नीट शिकू द्यावं. नाईतं पुन्हा कोन्या तरी बाईचा असाच जीव जाईन."

आज मी या विषयावर शिकवते, लोकांसमोर पडद्यावर चित्रं दाखवून तासन्‌तास बोलते, पण माणूस वाचायच्या आधी बघतो हे मला तेव्हा मळ्यातल्या बाजेवर कळलं. जिला मी सगळ्यात जास्त दुखवलं होतं ती माझ्या बाजूनं बोलत होती, आणि याची लाज वाटावी की आनंद व्हावा हे मला समजत नव्हतं. नंतर पुण्यात मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पान लावण्यापूर्वी काय बघावं? कुणी कागदाचा आकार म्हणालं, कुणी फोटो. मी म्हटलं, ते कुणाच्या घरात जाणार आहे ते. मास्तर वळून माझ्याकडे बघत राहिले. फोनवरच्या पोरांनाही खरं तर हेच सांगायचं असतं. पान पूर्ण झालं की आधी आईला दाखवा, शेजारणीला दाखवा, आणि ती वाचायच्या आधी तिच्या चेहऱ्याकडे बघा. पण 'स्कोप' विचारणाऱ्याला हे कसं सांगायचं?

जाताना बाबांनी सरांच्या पिशवीत वांगी आणि मेथी भरली, अगदी पिशवी फाटेस्तोवर. सर-काकूंना स्टँडवर सोडून आले, मोटार चालू केली, पाणी वाफ्यात सोडलं. दोन दिवस घरात कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मंडीतून येताना त्यांनी एक नवी बॅग आणली आणि आईसमोर ठेवून म्हणाले, "हिचं कुलूप पाह्य बरं, नीट लागते का."

पुण्याची गाडी आम्ही रिसोडहून धरली. बाबांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि ते गाडीत सावधान उभं राहावं तसे बसले होते. मेहकरला एक म्हातारबा चढले आणि आमच्या बाकावर खिडकीशी बसले. आपल्याकडे शेजारी बसलेल्याची चौकशी न करणं म्हणजे उद्धटपणाच, तेव्हा त्यांनी सुरुवात केली. कुठचे, कुठं निघाले, शेती किती, वांग्याला काय भाव. बाबा उत्तरं देत होते. मग म्हातारबांनी माझ्याकडे बोट केलं.

"पोरगी दवाखान्यात दाखवाले नेऊन राह्यले का?"

"नाई. शिकाले."

"काय शिकते?"

गेले कित्येक दिवस ज्या प्रश्नावर सगळं अडलं होतं तो हाच, आणि तो गाव सुटत नाही तोच आला होता. बाबांची मान खाली गेली. मी घाईघाईनं म्हणायला गेले, "ते म्हणजे, मासिकाची..." बाबांनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं.

"त्याचं नाव मले सांगता येत नाई," ते म्हणाले. मग मान वर करून, आजूबाजूच्या चार बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पन हिनं एक पान केलं होतं, भाऊ. ते पाहून अर्धं शिरपूर रडलं."